मेणकापडी कोटाचे गाव

विलायतेला निघालेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रकारचे सल्ले मिळतात. जे तिकडे जाऊन आलेले असतात ते सांगतात, "गरम कपडे इथून नेऊ नका, तिथेच घ्या." जे कधीच गेलेले नसतात ते सांगतात, "सगळे इथूनच न्या, तिथे परवडायचे नाही." दोन्ही सल्ले खरे असतात आणि दोन्ही थंडीपुरतेच असतात. तिथल्या पावसाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. आपल्याला पाऊस काय नवा आहे, अशी आपली समजूत असते.

पण पावसापावसांत फरक आहे. आपला पाऊस येतो तो वऱ्हाडासारखा, वाजतगाजत. ढग दाटतात, वारा सुटतो, माणसे वाळत घातलेले कपडे काढायला धावतात. मग तो यथेच्छ झोडपतो आणि निघूनही जातो. उत्तर इंग्लंडच्या किनाऱ्यावरचा पाऊस मात्र दारात उभ्या राहिलेल्या भिडस्त पाहुण्यासारखा असतो. धड आत येत नाही, धड जात नाही. समुद्रावरून धुके सरकत येते, तिथले लोक त्याला 'फ्रेट' म्हणतात. धुक्याचे तुषार होतात, तुषारांना वारा फुटतो आणि तासाभराने आपल्या ध्यानात येते की आपण आतपर्यंत भिजलो आहोत. छत्री उघडावी तर पहिल्याच झोतात ती उलटी होऊन कमळासारखी फुलते. म्हणून तिथला माणूस छत्रीच्या भानगडीत पडत नाही. तो कोट चढवतो आणि चालू लागतो.

या कोटांतला एक कोट हा आजच्या लेखाचा विषय आहे. शेवाळी हिरव्या रंगाचा, हाताला किंचित तेलकट लागणारा. कॉलर कॉर्डरॉयची, आत चौकड्यांचे अस्तर, पुढे जाडजूड पितळी चेन आणि खिसे असे ऐसपैस की एकेकात बाजारातली अर्धी भाजी मावावी. तो घातलेला माणूस बँकेत मॅनेजर असला तरी नुकताच शेताच्या बांधावरून आल्यासारखा दिसतो. इंग्रज त्याला 'वॅक्स्ड जॅकेट' म्हणतात. आपण मेणकापडी कोट म्हणू. मेणकापड हा शब्द आपल्या घरात नवा नाही. तान्ह्या मुलाच्या दुपट्याखाली जे अंथरत असत ते मेणकापडच. ते गादी वाचवण्यासाठी होते, हे माणूस वाचवण्यासाठी आहे, एवढाच फरक.

हा कोट आता जुनाट झाला की अजून शोभतो? आणि अडीचशे पौंडांहून अधिक, म्हणजे आपले पंचवीस-तीस हजार रुपये मोजून तो घ्यावा इतका तो गुणी आहे का? गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता न्यूकॅसलला भाचीकडे राहिलो होतो, तेव्हा तिच्या घरात हा प्रश्न फार निराळ्या रीतीने उभा राहिला. तो प्रसंग पुढे सांगेनच. पण स्थळ पाहायला गेल्यावर आधी गाव नि घराणे विचारतात, तसे आपणही आधी कोटाच्या गावी जाऊन येऊ.

त्या गावाचे नाव साउथ शील्ड्स. न्यूकॅसलहून मेट्रो गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. टाइन नदी जिथे समुद्राला मिळते त्या मुखाच्या दक्षिण तीरावर हे गाव वसले आहे. समोरच्या तीरावर नॉर्थ शील्ड्स. मधे फेरीबोट चालते आणि सात-आठ मिनिटांत पलीकडे पोचवते. नदीच्या मुखाशी दोन्ही तीरांवरून दगडी धक्के समुद्रात घुसले आहेत, जणू नदीने दोन हात पसरून जहाजांना कवेत घ्यावे. दक्षिणेकडचा धक्का जवळजवळ मैलभर लांब आहे. त्यावरून चालत टोकाशी जावे आणि परत यावे, हा त्या गावचा व्यायाम, करमणूक आणि परीक्षा असे तिन्ही आहे.

हे धक्के हौसेखातर बांधलेले नाहीत. टाइनच्या मुखाशी वाळूचे दांडे आणि खडक यांनी असंख्य जहाजे गिळली आहेत. उत्तर तीरापाशी 'ब्लॅक मिडन्स' नावाचे काळे खडक भरतीच्या वेळी पाण्याखाली दडून बसतात. १७८९ साली 'अ‍ॅडव्हेंचर' नावाचे जहाज या मुखाशी फुटले. सारा गाव किनाऱ्यावर उभा राहून पाहत होता आणि कोणाला काही करता आले नाही. त्या दिवसाची टोचणी गावाला स्वस्थ बसू देईना. पुढल्याच वर्षी, १७९० साली, हेन्री ग्रेटहेड या इथल्याच नावाड्यांच्या कारागिराने बांधलेली जीवरक्षक होडी समुद्रात उतरली. मुद्दाम बुडत्यांना वाचवण्यासाठी बांधलेल्या आरंभीच्या होड्यांत तिचे नाव घेतात. तिच्याच घराण्यातली १८३३ सालची 'टाइन' नावाची होडी आजही समुद्राकाठच्या रस्त्यावर छपराखाली जपून ठेवलेली आहे. तिच्यापुढे उभे राहिले की एक गोष्ट लख्ख कळते: या गावात अंग कोरडे ठेवणे हा शौक नव्हता. ओला माणूस गारठतो, गारठलेल्या माणसाची बोटे दोर सोडतात, आणि दोर सुटला की सगळेच संपते.

इथल्या हवेशी परक्यांनीही आपापल्या परीने झुंज दिली आहे. धक्क्यापासून जवळच टेकाडावर अर्बिया नावाचा रोमन किल्ला आहे. हेड्रियनच्या भिंतीवरील फौजांची रसद इथे उतरत असे. पुढे इथे तैग्रिस नदीवरच्या नावाड्यांची एक तुकडी येऊन राहिली. कुठे इराकातले ऊन नि कुठे हा फ्रेट! त्या बिचाऱ्यांनी पहिल्या हिवाळ्यात काय पांघरले असेल, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. पण त्याचेही उत्तर इतिहासात सापडते. रोमचा सम्राट डायोक्लेशियन याने इसवी सन ३०१ मध्ये साऱ्या साम्राज्यातल्या मालाच्या किमती ठरवून दिल्या. त्या यादीत ब्रिटनच्या टोपीवाल्या लोकरी झग्याचे नाव आहे. म्हणजे सतराशे वर्षांपूर्वीही हे बेट आपल्या हवेमुळे बदनाम होते आणि हवेवरच्या कोटामुळे नावाजलेले होते.

आता कोटाचे घराणे. त्याची सुरुवात अंगरख्यात नसून शिडात आहे. शिडाच्या गलबतांवरच्या खलाशांच्या फार पूर्वीच ध्यानात आले होते की ओले शीड वारा चांगला धरते, पण ओले शीड जड होते. मग त्यांनी कापडाला माशाचे तेल चोपडले. तेल प्यालेले शीड पाणी पीत नाही, हे दिसल्यावर फाटक्या शिडाचे तुकडे खांद्यावर घ्यायला कितीसा वेळ लागणार! पुढे माशाच्या तेलाच्या जागी अळशीचे तेल आले. स्कॉटलंडात आर्ब्रोथ गावी वेबस्टर नावाचे शिडे विणणारे कारखानदार होते, त्यांनी अळशीचे तेल पाजलेले शिडाचे कापड विकून नाव कमावले. या कापडात दोन खोडी होत्या. थंडीत ते पत्र्यासारखे ताठ होई आणि जुने झाले की पिवळे पडे. चित्रांतले कोळी आणि खलाशी पिवळे कोट घालून उभे असतात, तो पिवळा रंग मुळात कोणी आवडीने निवडलेला नव्हता. तेलानेच तो बहाल केला होता.

अळशीच्या जागी मेण आले ते विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत. घट्ट विणीचे बारीक सुती कापड घ्यायचे, त्यावर तांब्याच्या क्षारांची प्रक्रिया करायची आणि मग त्याला मेण पाजायचे. हे मेण मधमाशीचे नव्हे, बहुतांशी खनिज मेण. त्या प्रक्रियेतूनच तो काळपट हिरवा रंग आला. पिवळा कोट खलाशाच्या अंगावर राहिला. हिरवा कोट मात्र रानात, बांधावर, झुडपांत मिसळून जाऊ लागला. रंगाने कपड्याचे नशीब पालटते म्हणतात, त्याचे हे चांगले उदाहरण आहे. असे कापड तयार करणाऱ्या दोन जुन्या पेढ्या आजही चालू आहेत: डंडी शहरातली १८६४ सालची हॅली स्टीव्हन्सन्स आणि रॉचडेलची १८८० सालची ब्रिटिश मिलरेन.

साउथ शील्ड्सच्या बाजारचौकात १८९४ साली जॉन बारबर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने दुकान थाटले. त्याआधी हा गृहस्थ खांद्यावर कापडाचे गाठोडे टाकून गावोगाव फिरत असे. चौकाच्या मध्यभागी १७६८ सालचे जुने नगरगृह आहे, खाली कमानी आणि वर मनोरा. त्याच्याभोवती बाजार भरतो. नदी हाकेच्या अंतरावर. बारबरने ओळखले की या गावाला रेशीम नको आहे, तेलकापड हवे आहे. खलाशी, कोळी, गोदी कामगार हे त्याचे गिऱ्हाईक. पुढे १९०८ साली त्याच्या मुलाने मालाची सचित्र यादी छापली आणि टपालाने मागण्या येऊ लागल्या. बंदरातले जहाज जिथे जाईल तिथे हा कोट जाऊन पोचला. त्या काळी इथल्या जहाजांवर येमेनी खलाशी होते, त्यांची वस्ती साउथ शील्ड्समध्ये अजून आहे. आपल्या रत्नागिरीकडचे खलाशीही ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर पिढ्यान् पिढ्या राबले. इरले आणि घोंगडी यांवर वाढलेली ती माणसे उत्तर समुद्राच्या वाऱ्यात उभी राहिली असतील, तेव्हा त्यांनाही या तेलकट कापडाची किंमत कळली असेल.

या कोटाचे नंतरचे चरित्र एखाद्या हुशार पण गरीब मुलाच्या चरित्रासारखे आहे. बारबर घराण्याच्या तिसऱ्या पिढीतला डंकन हा फटफटीचा शौकीन. त्याने १९३६ च्या सुमारास फटफटीवाल्यांसाठी कोट काढला आणि मोटारसायकलींच्या शर्यतींत तो गणवेशासारखा रूढ झाला. स्टॅफर्डशरमधल्या बेलस्टाफ या १९२४ सालच्या कंपनीनेही याच वाटेने नाव मिळवले. दुसऱ्या महायुद्धात 'अर्सुला' या पाणबुडीच्या कप्तानाने आपल्या एका सहकाऱ्याच्या अंगावर फटफटीचा मेणकापडी पोषाख पाहिला. पाणबुडीच्या माथ्यावर लाटा अंगावर घेत पहारा करणाऱ्याला याहून चांगले काय मिळणार? त्याने त्याचे वर-खाली असे दोन भाग करवून घेतले आणि 'अर्सुला सूट' जन्माला आला. त्याच युद्धात १९४१ साली साउथ शील्ड्सच्या बाजारचौकावर बाँब पडले आणि चौकाचा बराच भाग उद्ध्वस्त झाला. १९६४ साली पूर्व जर्मनीत झालेल्या सहा दिवसांच्या शर्यतीत अमेरिकेतर्फे स्टीव्ह मॅक्क्वीन हा सिनेनट उतरला, तेव्हाही अंगावर हाच फटफटीचा कोट होता.

आणि मग चमत्कार झाला. घराण्यातला कर्ता पुरुष १९६८ साली अकाली वारला. त्याची तरुण पत्नी मार्गारेट ही पेशाने शिक्षिका. ती कारभारात शिरली आणि १९७२ साली कंपनीची अध्यक्ष झाली. तिने खेड्यापाड्यांतल्या घोडेस्वारांना आणि शिकाऱ्यांना नजरेपुढे ठेवून नवे बेत आणले. १९८० साली 'बीडेल' आला: आखूड, मागून दोन्ही बाजूंना चिरलेला, म्हणजे घोड्यावर बसताना अडचण नको. त्यापाठोपाठ 'ब्यूफर्ट' आला: जरा लांब, आणि पाठीशी आडवा मोठा खिसा, शिकारीतला पक्षी टाकायला. एडिनबरोच्या ड्यूकांनी १९७४ साली, राणी एलिझाबेथने १९८२ साली आणि तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी १९८७ साली आपापली राजमान्यता दिली. गोदी कामगाराचा कोट राजवाड्याच्या खुंटीवर जाऊन बसला.

त्याच १९८२ साली लंडनच्या धनिक तरुण-तरुणींची थट्टा करणारे 'स्लोन रेंजर'चे एक पुस्तक निघाले आणि हातोहात खपले. ज्यांचा चिखलाशी संबंध फक्त मोटारीच्या चाकांपुरता, असे हे लोक लंडनच्या भर रस्त्यात शिकारीचा कोट घालून हिंडू लागले. फॅशनचे एक असते, ती डोक्यावर घेते तितक्याच लौकर खाली आपटते. पुढल्या दशकात हा कोट म्हणजे श्रीमंतांच्या मिजाशीची खूण ठरला आणि सामान्य तरुणांनी त्याकडे पाठ फिरवली. मग २००६ साली राणीच्या जीवनावर 'द क्वीन' हा चित्रपट आला. त्यात हेलन मिरेन ही नटी हा कोट घालून डोंगरातून गाडी हाकते, आणि अमेरिकन लोकांना एकाएकी त्याची तहान लागली. २००७ साली ग्लास्टनबरीच्या गाण्याच्या जत्रेत धो धो पाऊस पडून चिखलाचा समुद्र झाला, त्यात तरुण गायक मंडळी मेणकापडी कोटात दिसली आणि पोरांनी तो पुन्हा जवळ केला. २०१२ साली 'स्कायफॉल' चित्रपटात जेम्स बाँडने तो घातला. आज न्यूकॅसलच्या रस्त्यावर उभे राहून मोजायला लागलात तर कॉलेजची मुलगी, कुत्रे फिरवणारे आजोबा आणि रेल्वे पकडायला धावणारा वकील असे तिघेही एकाच कोटात पाच मिनिटांत दिसतील. म्हणजे फॅशनमध्ये आहे का, या प्रश्नाचे उत्तर असे की फॅशन याच्या घरी तीनदा येऊन गेली. हा मात्र उठून तिच्या घरी कधी गेला नाही. बेत बहुतांशी चाळीस वर्षांपूर्वीचाच आहे.

आता तो घरातला प्रसंग.

भाचीच्या शेजारी एक वृद्ध बाई राहतात. त्यांचे यजमान शील्ड्सकडे जहाजे बांधण्याच्या यार्डात कामाला होते. टाइनकाठची यार्डे विसाव्या शतकाच्या अखेरीस एकामागून एक बंद पडली. साउथ शील्ड्सची वेस्टो कोळशाची खाणही १९९३ साली मिटली. यजमानांचे यार्ड बंद झाले तेव्हा हातात जी रक्कम पडली त्यातून त्यांनी स्वतःसाठी दोनच गोष्टी घेतल्या: एक कुत्रा आणि एक मेणकापडी कोट. त्यानंतर तीन कुत्री झाली; कोट तोच राहिला. यजमान गेल्याला वर्ष झाले, तेव्हा बाईंनी एका संध्याकाळी तो कोट हातावर घेऊन आमच्या भाचीचे दार ठोठावले. म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला रोज भिजत जाताना खिडकीतून पाहते मी. त्याच्या मापाचा आहे. कपाटात ठेवून कुजायचा, त्यापेक्षा चालू दे."

बाई गेल्यावर घरात परिषद भरली. कोट खुर्चीच्या पाठीवर, आणि आम्ही चौघे त्याच्याभोवती. कोपराला ठिगळ होते, कडा विरल्या होत्या, मेण उडून पाठ करडी पडली होती आणि खिशाच्या तळाशी कुत्र्याच्या बिस्किटांचा भुगा होता.

"मामा, आता तुम्हीच सांगा," भाची म्हणाली. "मला नाही म्हणवेना."

भाचेजावई अवघडून म्हणाले, "कोट चांगला आहे, प्रश्न तो नाही. पण गेलेल्या माणसाचा कोट अंगावर घालायचा म्हणजे... मामा, आपल्यात नाही ना तसे. त्यापेक्षा नवा घेतो मी. पैसे गेले तर गेले."

मी काही बोलणार तोच आमची सौभाग्यवती म्हणाली, "अहो जावईबापू, रात्री काय पांघरून झोपता?"

"गोधडी."

"कोणाच्या लुगड्याची?"

जावईबापू गप्प झाले. ती गोधडी त्यांच्या आजीच्या नऊवारी लुगड्यांची होती. आजी गेल्यावर त्यांच्या आईने शिवली होती आणि विमानात वजन जास्त होईल म्हणून दोन पुस्तके काढून त्यांनी ती बरोबर आणली होती.

"माया असली की कापडाला विटाळ नसतो," सौभाग्यवती म्हणाली आणि कुकर लावायला उठली. परिषद बरखास्त झाली.

दुसऱ्या दिवशी रविवारी आम्ही त्या कोटाला मेण पाजायचा घाट घातला. ही कृती साधी आहे, पण ती कळली की या कोटाचे सारे मर्म कळते. मेणकापडी कोट कधीही धुवायचा नसतो. साबण नको, गरम पाणी नको, यंत्र तर मुळीच नको. एकदा यंत्रात घातला की मेण निघून जाते आणि कोट कामातून जातो. थंड पाण्याच्या ओल्या फडक्याने चिखल पुसायचा आणि कोट वाळू द्यायचा. मग मेणाचा डबा गरम पाण्यात ठेवायचा. मेण पातळ झाले की फडक्याने थोडे थोडे घेऊन चोळायचे: शिवणींवर, घड्यांवर, खांद्यांवर जास्त, कॉर्डरॉयच्या कॉलरवर आणि खिशांच्या आत मुळीच नाही. शेवटी केस वाळवायच्या यंत्राने ऊब देत राहिले की मेण पसरते, कापडात मुरते आणि करडी पाठ डोळ्यांदेखत काळीभोर हिरवी होत जाते. मग रात्रभर उबदार जागी, इतर कपड्यांपासून दूर टांगून ठेवायचा. दोन-अडीच तास लागतात. भाचीने स्वयंपाकघरभर वर्तमानपत्रे पसरली होती. जावई शिवणी चोळत होते आणि मी यंत्र धरून उभा होतो. असे वर्षातून एकदा करावे लागते. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी कौले शाकारतात, तसेच हे.

ज्यांना घरी जमत नाही ते कोट साउथ शील्ड्सला पाठवतात. सायमनसाइड भागातल्या कारखान्यात हे मेणकापडी कोट आजही शिवले जातात आणि तिथेच जुन्या कोटांची डागडुजी होते. फाटलेला खिसा बदलतात, ठिगळ लावतात, नवे मेण पाजतात. वर्षाकाठी हजारो कोट तिथे दुरुस्तीला येतात. जुने कोट परत घेऊन, नीट करून पुन्हा विकण्याचाही प्रघात कंपनीने पाडला आहे. चार्ल्स राजांचा स्वतःचा ठिगळे लावलेला जुना कोट छायाचित्रांत अनेकांनी पाहिला असेल. राजालाही ठिगळाची लाज वाटत नाही असा पोषाख जगात विरळा.

तरी केवळ गुण सांगितले तर जाहिरात होईल. या कोटाचे दोषही ठसठशीत आहेत. नवीन असताना तो हाताला चिकटतो आणि मोटारीच्या फिक्या रंगाच्या गादीवर किंवा पाहुण्यांच्या सोफ्यावर डाग ठेवून येतो. त्याला एक वास असतो; तो आवडणारे आणि न आवडणारे असे दोन पंथ आहेत. तो जड आहे. कडाक्याच्या थंडीत एकटा पुरत नाही, आत लोकरी स्वेटर लागतो. आणि सतत चार-सहा तास धो धो पाऊस लागला तर शिवणींतून पाणी आत येतेच. नुसते पाणी अडवायचे असेल तर त्याच्याहून सरस वस्तू निघालेल्या आहेत. १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांत रबर घालून पहिला पक्का रेनकोट काढला. त्यात पाणी येत नसे, पण घामही बाहेर जात नसे. कलकत्त्याच्या 'डकबॅक'चा रेनकोट घालून शाळेत गेलेल्या आमच्या पिढीला हे सांगायला नको. १९७६ पासून अमेरिकेतल्या गोर कंपनीचे अतिसूक्ष्म छिद्रांचे कापड बाजारात आले. ते पाणी अडवते आणि घामाची वाफ बाहेर सोडते. हिमालय चढायला निघालात तर तेच घ्या. मेणकापडाचा हट्ट धरू नका.

पण डोंगर चढणे आणि रोज कामावर जाणे या निराळ्या गोष्टी आहेत. नव्या कापडाचा हलका कोट काही वर्षांनी आतून पापुद्रे सोडू लागला की त्याला बहुधा इलाज उरत नाही. तो टाकायचा, आणि टाकलेले प्लॅस्टिक कुठे जात नाही. काही जलरोधक कापडांवर जी रसायने वापरत आले, ती निसर्गात वर्षानुवर्षे विरत नाहीत म्हणून आता युरोपात त्यांच्यावर निर्बंध येत आहेत. मेणकापडी कोट काट्याने ओरखडतो पण सहसा फाटत नाही. फाटला तर शिवता येतो. कोरडा पडला तर पुन्हा मेण पितो. तीस हजारांचा कोट वीस वर्षे चालला तर वर्षाला दीड हजार पडले. चार हजारांचा कोट दोन वर्षांत गेला तर वर्षाला दोन हजार. हिशेब आपल्या आजीच्या तांब्याच्या हंड्याचा आहे: घेताना जड, वापरताना हलका.

मात्र एक सूचना. हा कोट मुंबईला, पुण्याला किंवा कोकणात आणू नका. आमच्या ओळखीत एकांनी हौसेने आणला. मेच्या उकाड्यात मेण पाघळून कपाटातल्या दोन रेशमी साड्यांना लागले आणि जुलैत उरलेल्या कोटावर बुरशीने पांढरी नक्षी काढली. घरात जे बोलणे झाले ते इथे छापण्याजोगे नाही. हा कोट थंड हवेचा जीव आहे. ज्यांची मुले-सुना तिकडे आहेत त्यांनी तो तिकडेच घ्यावा, तिकडेच ठेवावा, आणि नव्याच्या आधी जुन्यांच्या बाजारात एक फेरी मारावी. तिथे चांगले कोट निम्म्याहून कमी किमतीत मिळून जातात. घेताना खांद्यावरच्या आणि काखेतल्या शिवणी पाहाव्यात, चेन ओढून पाहावी आणि कोट यंत्रात धुतलेला नाही ना, हे हात फिरवून पारखावे. धुतलेले कापड हाताला कोरडे खळखळीत लागते.

जावईबापूंनी तो कोट घालायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी ते खाली मान घालून बाईंच्या खिडकीवरून गेले. दुसऱ्या दिवशी बाई दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी काही न बोलता पुढे होऊन कॉलर नीट केली, चेन वरपर्यंत ओढली आणि "हां, आता वारा लागायचा नाही," एवढेच म्हणून आत गेल्या. पंधरा दिवसांनी जावई संध्याकाळी हसत घरी आले. मेट्रोत एका कॉलेजच्या पोराने त्यांना अडवून विचारले होते, "हा कोट कुठून घेतलात? दुकानात असा मिळत नाही." ते ठिगळ आणि ती विरलेली कड त्याला हवी होती. ती कुठे विकत मिळणार?

तेव्हा विचारणाऱ्यांना माझे सांगणे असे: मेणकापडी कोट आजही शोभतो, आणि घालण्याजोगा आहे. पण तो घेण्याआधी किमतीची चौकशी थोडी मागे ठेवा आणि आपल्या घरात पाहा. दाराजवळ त्याच्यापुरती वेगळी खुंटी आहे का? वर्षातला एक रविवार त्याला द्यायची तयारी आहे का? असेल तर खुशाल घ्या. तो तुमच्याहून जास्त दिवस टिकेल, आणि तुमच्यानंतर कोणाला द्यायचा हे ठरवायलाही पुष्कळ वेळ देईल.